पूर्णा-गोदावरी संगमपरिसरातील पूर आणि ग्रामसमाजाचे अनुकूलन : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मराठवाड्याच्या इतिहासलेखनात दुष्काळाला स्वतंत्र प्रकरण मिळते, पुराला मात्र एखाद्या परिच्छेदावर समाधान मानावे लागते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळापासून १९७२ च्या दुष्काळापर्यंतची अवर्षणाची परंपरा लोकस्मृतीत, सरकारी दप्तरात आणि साहित्यातही पक्की नोंदली गेली आहे. पर्जन्यछायेतील प्रदेशाच्या बाबतीत हे स्वाभाविकच म्हणावे लागेल. तथापि याच प्रदेशातून गोदावरी वाहते आणि परभणी जिल्ह्यातील पूर्णा तालुक्यात, कंठेश्वरजवळ, मराठवाड्यातील तिची मोठी उपनदी पूर्णा तिला येऊन मिळते. या संगमाच्या आसपासच्या गावांनी अवर्षण जसे सोसले तसाच पूरही सोसला आहे. कित्येकदा एकाच दशकात, क्वचित एकाच वर्षात, त्यांना दोन्हींशी झुंजावे लागले आहे.

पूरग्रस्त ग्रामसमाजाला साहाय्य कसे करावे, याची चर्चा बहुधा बोटी, निवारा आणि नुकसानभरपाई यांच्याभोवती फिरते. प्रस्तुत शोधनिबंधात हा प्रश्न इतिहासाच्या अंगाने पाहिला आहे. धरणपूर्व काळातील गावाने पुराशी कसे जुळवून घेतले होते, धरणांच्या उभारणीनंतर पुराचे स्वरूप कसे पालटले आणि त्या पालटाबरोबर गावाच्या जुन्या ज्ञानाचे काय झाले, हे तीन प्रश्न येथे विचारात घेतले आहेत. पूर्वीचे अनुकूलन गावाच्या स्वतःच्या निरीक्षणावर उभे होते. धरणांनंतर पुरासंबंधीचा निर्णय गावापासून दूर गेला. पण त्या निर्णयाचा अर्थ गावापर्यंत पोहोचविणारी व्यवस्था त्या प्रमाणात उभी राहिली नाही, असे या अभ्यासातून दिसून येते.

भौगोलिक पार्श्वभूमी

पूर्णा नदी अजिंठ्याच्या डोंगररांगांत उगम पावते. जालना, बुलढाणा, हिंगोली आणि परभणी या जिल्ह्यांचा प्रदेश तिच्या खोऱ्यात येतो. वाटेत दुधना तिला मिळते आणि अखेरीस ती गोदावरीत विलीन होते. खोऱ्यातील जमीन प्रामुख्याने काळी, खोल आणि चिकण आहे. ही माती पाणी धरून ठेवते, म्हणून पावसाने पाठ फिरविली तरी रब्बीची ज्वारी ओलीवर तग धरते. पण हाच गुण अतिवृष्टीत दोष ठरतो. माती एकदा तृप्त झाली की पुढचे पाणी आत मुरत नाही, ते शेतात साचते किंवा ओढ्याने नदीकडे धावते.

संगमाजवळच्या गावांची अडचण याहूनही निराळी आहे. गोदावरी दुथडी भरून वाहू लागली की पूर्णेच्या पाण्याला तिच्यात सहज वाट मिळत नाही. ते मागे फुगते. नदीला मिळणारे ओढे-नालेही उलटे तुंबतात. परिणामी गावाच्या शिवारात पावसाचा थेंब नसतानाही नदी पात्राबाहेर पडते. संगमावरचा पूर हा त्यामुळे एका नदीचा पूर राहत नाही. नाशिक-पैठणकडचे पाणी, दुधनेचे पाणी आणि पूर्णेच्या वरच्या खोऱ्यातील पाणी यांच्या वेळा जुळल्या की संकट, आणि चुकल्या की सुटका, असा त्याचा हिशेब असतो.

पांढरी, पेव आणि पायऱ्या

मराठी गावाची रचना 'काळी' आणि 'पांढरी' या दोन शब्दांत सामावली आहे. पिकाची जमीन ती काळी, वस्तीची जागा ती पांढरी. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथाने या व्यवस्थेचे विवेचन अभ्यासकांपुढे ठेवले. नदीकाठच्या गावांच्या बाबतीत पांढरीला आणखी एक अर्थ होता. पिढ्यान्पिढ्या मातीची घरे पडत, त्यांच्याच ढिगाऱ्यावर नवी बांधली जात. राख, शेण, माती यांचे थर साचत जाऊन वस्तीची जागा भोवतालच्या शिवारापेक्षा उंच होत गेली. हा उंचवटा कोणी एका वर्षी बांधला नव्हता. तरीही पुराच्या वेळी तो बांधासारखाच कामास येई.

पुराशी असलेला हा व्यवहार फार जुना आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आली. तेथे पाण्याचा कालवा आणि पुरापासून वस्तीचे रक्षण करणारा दगडमातीचा बांध आढळला. तीन हजार वर्षांपूर्वीचा दख्खनचा शेतकरी नदीचे पाणी हवे तेव्हा वळवीत होता आणि नको तेव्हा अडवीत होता, असा याचा अर्थ होतो.

धान्यसाठ्यातही हीच दृष्टी होती. ज्वारी साठविण्यासाठी जमिनीत खोदलेली पेवे पांढरीतील उंच व कोरड्या जागी असत, कारण पेवात पाणी शिरले की वर्षाचे अन्न कुजते. घराच्या जाड भिंतीतील बळद हे दुसरे साधन होते. शेतीचे वेळापत्रकही पुराच्या हंगामाला सांभाळून होते. नदीकाठच्या खोल जमिनीवर मुख्य भिस्त रब्बीवर असे. उत्तरा-हस्ताच्या सुमारास, पाणी ओसरल्यावर, ज्वारीची पेरणी होई. पुराने जमिनीवर आणून टाकलेला गाळ, म्हणजे मळई, ही या शेतीची भांडवली ठेव होती. ज्या पुराने खरिपाचे नुकसान केले तोच रब्बीला हात देत असे.

पाण्याची उंची मोजण्यासाठी गावाला पट्टीची आवश्यकता नव्हती. घाटाच्या कितव्या पायरीला पाणी लागले, महादेवाच्या नंदीपर्यंत आले की नाही, अमुक वडाच्या बुंध्याला टेकले का, या खुणांवरून गुरे केव्हा हलवायची आणि म्हाताऱ्या-कोताऱ्यांना केव्हा उचलायचे हे ठरत असे. गोदावरीच्या वरच्या अंगाला नाशिकमध्ये दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पुराची उंची सांगण्याची रीत आजही टिकून आहे. नारोशंकराच्या मंदिरावरील घंटेचा उल्लेखही नाशिककर त्याच अर्थाने करतात. पूर आल्यावर नदीची ओटी भरण्यासाठी सारा गाव काठावर जाई. त्या विधीत श्रद्धा होती, तसेच पाण्याचे सामुदायिक निरीक्षणही होते. पैलतीरी जाण्यासाठी कोळी-भोई समाजाचे नावाडी होते आणि नाव नसेल तेथे वाळलेल्या भोपळ्यांची सांगड बांधून पाणी तरून जाण्याचे कौशल्य होते.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. पांढरीतील उंच जागा कोणाच्या वाट्याला आली, हा प्रश्न जातिव्यवस्थेपासून अलग करता येत नाही. गढी आणि पाटलाचा वाडा उंचावर असे. अनेक गावांत दलित, मच्छीमार आणि भूमिहीन यांच्या वस्त्या उतारावर किंवा ओढ्याच्या कडेला असत. पाणी आधी त्यांच्या उंबऱ्याला लागे. गावाचे शहाणपण सर्वांचे असले तरी त्याचे संरक्षण सर्वांना सारखे नव्हते.

हैदराबाद संस्थान : मुसीचा धडा आणि लोहमार्ग

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानाच्या पूरविषयक धोरणाला वळण लावणारी घटना मराठवाड्यात नव्हे, तर राजधानीत घडली. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद शहरात हजारो माणसांचा बळी घेतला. त्यानंतर १९०९ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले. शहराच्या वरच्या अंगाला जलाशय बांधून पुराचे पाणी अडवावे, हा त्यांच्या योजनेचा गाभा होता. त्यातून पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले. पूरनियंत्रण म्हणजे धरण, हे समीकरण संस्थानच्या प्रशासनात रुजले ते येथून. राजधानी वाचविण्यासाठी ते योग्यच होते. परंतु ग्रामीण भागातील पुराचा विचार त्या चौकटीत फारसा झाला नाही. गावे आपल्या पांढरीच्या भरवशावर राहिली.

याच सुमारास पूर्णा परिसरात दुसरा बदल घडला. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हैदराबाद-गोदावरी खोरे लोहमार्ग मनमाडपासून हैदराबादकडे गेला आणि पुढे हिंगोलीकडे फाटा निघाल्यावर पूर्णा हे जंक्शन झाले. रेल्वेने गावाला बाजारपेठ, रोजगार आणि नवी वस्ती दिली. तिने पुराचे पद्धतशीर निरीक्षणही आणले. पुलांच्या खांबांवर धोक्याच्या पातळीच्या खुणा रंगविणे आणि पावसाळ्यात मार्गावर गस्त घालणे ही रेल्वेची रूढ पद्धत आहे. मात्र ही दक्षता गाडीसाठी होती. पूल सुरक्षित आहे की नाही हे रेल्वे पाहत असे. पाणी कोणत्या वस्तीत शिरेल हे पाहणे तिच्या कक्षेबाहेरचे होते. शिवाय लोहमार्गाचे आणि नंतरच्या रस्त्यांचे भराव पाण्याच्या नैसर्गिक वाटेला आडवे आले की साचलेले पाणी उतरण्यास विलंब लागतो. पुराची मोजदाद आणि पुरात सापडणारा माणूस यांच्यातील अंतर येथूनच वाढू लागले, असे म्हणता येईल.

धरणानंतरचा पूर : 'पूर आला' ते 'पाणी सोडले'

महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर मराठवाड्याच्या सिंचनाला गती मिळाली. पूर्णा नदीवर जिंतूर तालुक्यात येलदरी आणि तिच्या खाली सिद्धेश्वर ही धरणे झाली. गोदावरीवर पैठण येथे १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. येलदरीची एकूण साठवणक्षमता सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर, तर जायकवाडीची सुमारे २,९०९ दशलक्ष घनमीटर आहे. पुढे परभणी जिल्ह्यात गोदावरीवर ढालेगाव, मुद्गल, मुळी, दिग्रस असे बंधारे आणि नांदेडजवळ विष्णुपुरीचा प्रकल्प झाला. दुष्काळी प्रदेशाच्या दृष्टीने या कामांचे मोल वादातीत आहे.

पुराच्या दृष्टीने मात्र त्यांचा परिणाम दुहेरी झाला. लहान व मध्यम पूर धरणांत अडले, त्यामुळे दरवर्षी काठावर येणारे पाणी कमी झाले. कित्येक वर्षे धरणे पूर्ण भरतच नाहीत. अशा कोरड्या वर्षांत नदीपात्रालगत शेती सरकली, मोटारी बसल्या, घरे उठली आणि घाटाच्या पायऱ्यांकडे लक्ष देणारी पिढी मागे पडली. परंतु ज्या वर्षी धरणे पावसाळ्याच्या उत्तरार्धात काठोकाठ भरतात आणि वरून मोठा येवा सुरू होतो, त्या वर्षी दरवाजे उघडण्यावाचून गत्यंतर नसते. मग वर्षानुवर्षे न पाहिलेले पाणी थोड्या अवधीत काठावर येते. पूर विरळ झाला, पण आला की अनोळखी होऊन येऊ लागला.

ग्रामीण बोलीतील एक बदल येथे लक्षणीय आहे. पूर्वी 'नदीला पूर आला' असे म्हटले जाई; आता 'वरून पाणी सोडले' असे म्हटले जाते. पहिल्या वाक्यात कर्ता निसर्ग आहे, दुसऱ्यात माणूस आहे. कर्ता आला की उत्तरदायित्वाचा प्रश्न येतो. पाणी किती सोडायचे हे पावसाच्या येव्यावर आणि धरणाच्या सुरक्षिततेवर अवलंबून असते, हे खरे आहे. पण ते केव्हा सोडणार आणि आपल्या शिवारात कोठवर येणार हे आधी कळणे, ही काठावरच्या गावाची अपेक्षा त्या एका क्रियापदात व्यक्त झालेली आहे.

२००६ ते २०२५ : दोन महापूर आणि काही निरीक्षणे

ऑगस्ट २००६ मध्ये जायकवाडीतून सुमारे अडीच लाख क्युसेकपर्यंत विसर्ग करावा लागला. पैठण, गंगाखेड, नांदेड ही शहरे आणि गोदाकाठची असंख्य गावे त्या पुराच्या तडाख्यात सापडली. देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा त्याआधी काही महिनेच, डिसेंबर २००५ मध्ये, संमत झालेला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पुन्हा अभूतपूर्व अतिवृष्टी झाली. जायकवाडीचा विसर्ग दोन लाख क्युसेकच्या पलीकडे गेला, काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले आणि अनेक ठिकाणी शेतातील मातीच खरडून निघाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य शासनाने ३१,६२८ कोटी रुपयांचे मदतपॅकेज जाहीर केले.

या दोन महापुरांच्या दरम्यानच्या काळाचा विचार करता तीन निरीक्षणे नोंदवावीशी वाटतात.

पहिले निरीक्षण पिकाविषयीचे आहे. १९९० नंतर मराठवाड्यात सोयाबीनचा झपाट्याने प्रसार झाला. हे नगदी पीक सप्टेंबरच्या अखेरीस काढणीला येते, म्हणजे परतीच्या पावसाच्या आणि भरलेल्या धरणांच्या ऐन काळात ते शेतात उभे असते. रब्बीप्रधान जुन्या वेळापत्रकात हा धोका तुलनेने कमी होता. बाजाराने शेतकऱ्याला ज्या पिकाकडे नेले त्या पिकाने त्याला पुराच्या तोंडाशी उभे केले. रुंद वरंबा सरी पद्धतीने साचलेल्या पाण्याचा निचरा सुधारता येतो. तथापि नदीचेच पाणी शेतावर येते तेव्हा तिचा उपयोग मर्यादित ठरतो.

दुसरे निरीक्षण मदतीच्या स्वरूपाविषयीचे आहे. प्रशासनाची मदतयंत्रणा मुख्यतः दुष्काळाच्या अनुभवातून घडली. पैसेवारी, टँकर, चारा छावणी, रोजगार हमी ही तिची साधने मंदगतीने येणाऱ्या संकटासाठी आहेत. दुष्काळ महिने घेतो, पूर एक रात्र घेतो. त्यामुळे पुराच्या वेळी यंत्रणेचे मुख्य काम नंतरचा पंचनामा हेच होऊन बसते. पंचनामा सातबाऱ्याला धरून चालतो. बटईने जमीन करणारा, शेतमजूर, मच्छीमार यांचे नुकसान खरे असले तरी ते कागदावर येणे कठीण जाते. पांढरीच्या उतारावर ज्यांची घरे होती त्यांचेच वारस आज मदतीच्या यादीच्या शेवटी असतात, हा इतिहासाचा क्रम दुर्लक्षिण्याजोगा नाही.

तिसरे निरीक्षण सर्वांत महत्त्वाचे असून ते सूचनेविषयीचे आहे. नांदेड येथे गोदावरीच्या जुन्या पुलावर इशारा पातळी ३५१ मीटर आणि धोका पातळी ३५४ मीटर ठरलेली आहे. नदीची पातळी कळली की शहराला आपली स्थिती उमगते. केंद्रीय जल आयोगाचे मापनकेंद्र पूर्णा येथेही आहे. परंतु संगमाजवळच्या गावकऱ्याच्या हाती बहुधा येतो तो विसर्गाचा आकडा : इतके हजार क्युसेक सोडले. या आकड्याने आपल्या मारुतीच्या पारापर्यंत पाणी येईल की नाही, हे त्याला समजत नाही. पूर्णेचा फुगवटा केवळ जायकवाडीच्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी येलदरी, दुधना आणि विष्णुपुरी यांची स्थिती एकत्र पाहावी लागते. जुन्या गावापाशी खूण होती, आकडा नव्हता. आजच्या गावापाशी आकडा आहे, खूण हरवली आहे.

पुनर्वसन आणि त्याच्या मर्यादा

पूरप्रवण गाव उंच जागी हलवावे, ही सूचना प्रत्येक महापुरानंतर पुढे येते. तिचा विचार करताना कोल्हापूर जिल्ह्याचा अनुभव उपयुक्त ठरतो. १९८९ च्या पुरानंतर पंचगंगेकाठच्या चिखली व आंबेवाडी या गावांना सोनतळी परिसरात पर्यायी जागा देण्यात आली. तरीही मूळ वस्ती कायम राहिली आणि २०१९ मध्ये ती पुन्हा पाण्याखाली गेली. घर हलते; गोठा, शेत, विहीर आणि दैवत हलत नाही. शेतापासून दूर गेलेला शेतकरी काही वर्षांत परत येतो, म्हणून त्याला अडाणी ठरविणे अन्यायाचे होईल. त्याच महापुरात ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे बचावकार्यातील बोट उलटून अनेकांचा मृत्यू झाला. बोट हाती असणे पुरेसे नसते. ती किती माणसे पेलते हे जाणणारा आणि जास्त माणसांना नकार देण्याचा अधिकार असलेला नावाडीही लागतो, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले.

याउलट एक अनुकूल उदाहरण मराठवाड्यातीलच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाचा कार्यक्रम राबविण्यात आला. त्यात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने गावातील महिला 'संवाद सहायक' म्हणून पुढे आल्या. अभियंत्याची भाषा गावाला आणि गावाची अडचण अभियंत्याला समजावून सांगणे हे त्यांचे काम होते. पूरप्रश्नात नेमका हाच दुवा निखळलेला आहे.

निष्कर्ष

१. संगमपरिसरातील गावांना पुराशी जुळवून घेणे नवीन नाही. उंच पांढरी, रब्बीप्रधान शेती, गावखुणा आणि नावाड्यांचे कौशल्य या चार आधारांवर ते जुने अनुकूलन उभे होते. मात्र त्याचे लाभ विषम होते.

२. धरणांनी पूर नाहीसा केला नाही, त्याचे वेळापत्रक आणि त्याचा कर्ता बदलला. त्यामुळे गावाचे जुने निरीक्षण अपुरे पडले.

३. विसर्गाच्या आकड्याचे गावाच्या खुणांत रूपांतर करणे हे सर्वांत स्वस्त आणि निकडीचे काम आहे. २००६ व २०२५ च्या पुराच्या रेषा शाळा, मंदिर, विहार, मशीद आणि पार यांच्या भिंतींवर कायम रंगवाव्यात. कोणत्या विसर्गाला पाणी कोणत्या खुणेपर्यंत येते याचा तक्ता जलसंपदा विभागाच्या साहाय्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावा. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून ही नोंद सहज होऊ शकेल.

४. महिला बचत गटांतून प्रशिक्षित संवाद सहायक आणि मच्छीमार समाजातून मानधनावर नावाडी नेमल्यास जुने कौशल्य नव्या यंत्रणेला जोडता येईल.

५. भूमिहीन आणि बटईदार यांची नोंद पावसाळ्यापूर्वीच झाली तर पंचनाम्यातील अन्याय बऱ्याच अंशी टळेल.

मराठीत 'सांगड घालणे' हा वाक्प्रचार रूढ आहे. पुराचे पाणी तरून जाण्यासाठी दोन भोपळे एकत्र बांधण्याच्या कृतीचे स्मरण त्या शब्दात आहे. एकेका भोपळ्याच्या आधाराने पैलतीर गाठणे कठीण असते. धरणावरील अधिकाऱ्याकडचा आकडा आणि काठावरच्या म्हातारीला आठवणारी पायरी ही दोन ज्ञाने आज वेगवेगळी तरंगत आहेत. पुढचा पूर येण्यापूर्वी त्यांची सांगड घालणे, हेच पूर्णाकाठच्या ग्रामसमाजाला करावयाचे खरे साहाय्य ठरेल.